ईएमटीचं प्रशिक्षण चालू असताना हर्नियाचं ऑपरेशन: तारीख ठरवण्यापासून पुन्हा स्ट्रेचर उचलेपर्यंत

अँब्युलन्सवर काम करायला शिकणाऱ्या, म्हणजे ईएमटीचा (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा) कोर्स करणाऱ्या मुलांमध्ये हर्निया निघणं ही नवलाची गोष्ट नाही. हर्निया म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतला भाग बाहेर डोकावणं. जांघेतली ही कमकुवत जागा बहुतेकदा आधीपासूनच असते, फक्त रोजच्या बैठ्या दिवसात ती जाणवत नाही. कोर्स सुरू होतो, बॅचमेटला स्पाइन बोर्डवर (जखमीला सरळ ठेवून नेण्याच्या फळीवर) बांधून जिन्यावरून खाली आणायचा सराव होतो आणि एके दिवशी आंघोळ करताना हाताला फुगवटा लागतो. खोकलं की पुढे येतो, आडवं झालं की आत जातो. सर्जन तपासून सांगतात, "हर्निया आहे, करून घ्या, एक-दोन दिवसांत घरी जाल." घरी जाता येईल हे कळतं, पण पुढच्या महिन्यातल्या कॅज्युअल्टी पोस्टिंगचं काय, सीपीआरच्या (हृदय थांबल्यावर छातीवर दाब देण्याच्या) परीक्षेचं काय, अँब्युलन्सवर कधी चढता येईल, हे कोणीच सांगत नाही.

मी ईएमटीच्या विद्यार्थ्यांना प्रॅक्टिकल शिकवते. दर काही बॅचनंतर असा एक तरी विद्यार्थी समोर येतो आणि सगळ्यांची अडचण एकाच ठिकाणी असते. सर्जनला आपलं काम नेमकं काय आहे हे माहीत नसतं आणि संस्थेला ऑपरेशन नेमकं काय आहे हे माहीत नसतं. दोघांमधला निरोप्या तुम्हीच. तो निरोप नीट पोचला तर बहुतेकांचं वर्ष वाचतं. म्हणून हा लेख जांघेतल्या हर्नियाभोवती लिहिला आहे. दुसरं काही ऑपरेशन असेल, तर त्याबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

पायरी १: हे थांबू शकतं का, ते आधी ठरवा

तारखेचा विचार करण्याआधी हा प्रश्न. फुगवटा अचानक कडक झाला, आडवं पडूनही आत जाईना, दुखणं वाढत चाललं, उलट्या होऊ लागल्या, गॅस किंवा शौच बंद झालं, तर वेळापत्रक बाजूला ठेवायचं आणि थेट कॅज्युअल्टी गाठायची. आतडं अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटत असण्याची ती लक्षणं आहेत. रुग्णाच्या बाबतीत तुम्ही हे पाठ केलेलं असतं, पण स्वतःच्या बाबतीत "सकाळपर्यंत बघू" असं म्हणावंसं वाटतं. बघत बसू नका.

असं काही नसेल, तर बऱ्याच जणांकडे वेळ असतो. उत्तर अमेरिकेत पुरुषांवर झालेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना हर्नियाचा त्रास नगण्य होता, त्यातल्या काहींचं लगेच ऑपरेशन केलं आणि काहींना नुसतं देखरेखीखाली ठेवलं. देखरेखीखालच्या गटात आतडं अचानक अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारात दोनापेक्षाही कमी निघालं. पण त्याच गटातल्या जवळपास पाव लोकांनी दोन वर्षांच्या आत ऑपरेशन करून घेतलं, बहुतेकांनी दुखणं वाढलं म्हणून. म्हणजे काही आठवडे किंवा एखादं सत्र थांबणं चालू शकतं. पण "कोर्स संपला की बघू, नोकरी लागली की बघू" असं ढकलत राहिलात, तर दुखणं तुमच्यासाठी तारीख ठरवेल आणि ती नेमकी परीक्षेची निघेल.

मुलींसाठी हिशोब वेगळा आहे. स्त्रियांमध्ये जांघेच्या थोडा खाली होणारा फिमोरल हर्निया तुलनेने जास्त दिसतो आणि तो अडकण्याचा धोकाही जास्त असतो. त्यामुळे त्यांच्या बाबतीत सर्जन सहसा थांबायला सांगत नाहीत. वर लिहिलेला अभ्यास पुरुषांचा आहे, तो स्वतःला लावू नका.

थांबायचं ठरलं तरी मधल्या काळात वजन उचलण्याचा सराव करायचा की नाही, हे सर्जनलाच विचारा. हर्नियाचा पट्टा बांधून स्ट्रेचर उचलणं हा उपाय नाही. पट्टा फुगवटा दाबून धरतो, भोक बुजवत नाही, आणि उचलणाऱ्याला खोटा धीर देतो.

पायरी २: तारीख कशावरून ठरवायची

बहुतेक विद्यार्थी लेखी परीक्षा समोर ठेवून तारीख ठरवतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. लेखी पेपर ऑपरेशननंतर दहाव्या-बाराव्या दिवशीही खुर्चीत बसून देता येतो. शरीर लागतं ते प्रॅक्टिकलला आणि पोस्टिंगला. म्हणून कोर्सचं वेळापत्रक घ्या आणि तीन रंगांचे पेन घेऊन बसा.

पहिल्या रंगाने ते दिवस, जे बसून होतात: शरीररचना, औषधं, ईसीजी, कायदा आणि नोंदी. दुसऱ्याने ते, ज्यांत उभं राहावं लागतं पण जोर लागत नाही: कॅज्युअल्टीतलं निरीक्षण, व्हायटल्स (नाडी, रक्तदाब, श्वास मोजणं), सलाईन लावणं, एअरवेची (श्वासमार्ग मोकळा ठेवण्याची) साधनं. तिसऱ्याने जोराचे दिवस: लिफ्टिंग आणि मूव्हिंग, गाडीतून जखमीला बाहेर काढणं, सीपीआरचं मूल्यमापन, अँब्युलन्स पोस्टिंग. ऑपरेशनची तारीख अशी शोधा, की त्यानंतरचे सहा आठवडे शक्यतो पहिल्या दोन रंगांत जातील. एवढी सलग जागा क्वचितच सापडते. मग पोस्टिंगची अदलाबदल करता येते का ते पाहा. बऱ्याच ठिकाणी बॅचचे गट फिरते असतात. तुमचा गट अँब्युलन्सवर असताना दुसरा गट वॉर्डात असतो, अशा वेळी एका बॅचमेटशी जागा बदलून घेणं समन्वयकालाही सोपं जातं.

कॅलेंडरवर आणखी काही खुणा करा. जून-जुलैत वारी असते, पुढे गणपती विसर्जन. अशा वेळी अनेक संस्थांची मुलं वैद्यकीय मदत केंद्रांवर आणि अँब्युलन्सवर असतात. तिथे जायची इच्छा असेल तर त्याच्या तोंडावर ऑपरेशन नको. गर्दीत कोणीही हाक मारतं आणि उचलायला हात लावावाच लागतो. बीएलएसचं (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे प्राथमिक जीवरक्षणाच्या प्रशिक्षणाचं) कार्डही बघून ठेवा. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या कार्डाची मुदत दोन वर्षांची असते. ती विश्रांतीच्या काळात संपत असेल तर नूतनीकरण आधी उरकून घ्या.

हजेरीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. मेडिकल सर्टिफिकेट दिलं म्हणजे हजेरी लागली असं नाही. बहुतेक संस्थांत त्या दिवसांची गैरहजेरीच लागते. सर्टिफिकेटमुळे फक्त कमी पडलेल्या टक्क्यांत सवलत मागता येते, आणि तीही काही मर्यादेपर्यंत. थिअरीची आणि प्रॅक्टिकलची अट बऱ्याचदा वेगवेगळी असते. माहितीपत्रक काढून दोन्ही आकडे वहीत लिहा, आतापर्यंतची हजेरी मोजा आणि किती दिवस हातात आहेत ते पाहा. ऑपरेशनच्या आधीच्या महिन्यात एकही तास बुडवू नका.

पायरी ३: सर्जनला तुमचं काम किलोत सांगा

या संपूर्ण लेखातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी पायरी हीच. "डॉक्टर, मी पॅरामेडिकलचा कोर्स करतोय" एवढंच सांगितलं, तर सर्जनच्या डोळ्यासमोर लॅबमध्ये किंवा एक्स-रेच्या खोलीत उभा असलेला मुलगा येतो. मग डिस्चार्ज कार्डावर "जड वजन उचलू नये" अशी एक ओळ पडते. जड म्हणजे किती आणि किती दिवस, ते कुठेच नसतं.

त्याऐवजी कागदावर लिहून न्या. रिकामी ट्रॉली स्ट्रेचरच पस्तीस-चाळीस किलोच्या घरात असते, त्यावर रुग्ण. बी टाइपचा ऑक्सिजन सिलिंडर पंधरा किलोच्या आसपास. स्कूप स्ट्रेचर (दोन भागांत उघडून रुग्णाखाली सरकवायचा) हलका, पण तो जमिनीपासून वाकून उचलावा लागतो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत रुग्णाला खुर्चीवर बसवून जिन्यावरून उतरवायचं. सीपीआर करताना गुडघ्यावर बसून मिनिटाला १०० ते १२० या गतीने पाच-सहा सेंटीमीटर खोल दाब द्यायचे, दोन मिनिटांनी बदली, आणि पुन्हा आपली पाळी. धावत्या गाडीत उभं राहून तोल सांभाळायचा. हे सगळं ऐकल्यावर कोणताही सर्जन तुमच्याशी वेगळ्या तपशिलात बोलेल.

मग विचारा:

- ऑपरेशन उघडं होणार की दुर्बिणीतून? माझ्या कामाच्या दृष्टीने काही फरक पडतो का?
- दहा किलो, वीस किलो आणि चौघांत मिळून रुग्ण उचलणं, हे प्रत्येक कधी सुरू करू?
- सीपीआरचा सराव कधी? आधी टेबलावर, मग जमिनीवर असा करू का?
- दुचाकी कधी चालवू?
- दोन्ही बाजूंना हर्निया आहे का, ते तपासलं का? (दोन्हीकडे असेल तर दुर्बिणीतून एकाच भुलेत होऊ शकतं. सहा महिन्यांनी पुन्हा हीच कसरत नको.)

उत्तरं सर्जनागणिक बदलतील, त्याने गोंधळून जाऊ नका. २०१८ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना म्हणतात, की गुंतागुंत झाली नसेल तर रुग्णाला झेपेल तशी नेहमीची कामं सुरू करू द्यावीत आणि त्यासाठी बहुतेकांना तीन ते पाच दिवस पुरतात. दुसरीकडे, जड वजनासाठी चार ते सहा आठवडे थांबा असं सांगणारे सर्जन भरपूर आहेत, आणि गावाकडे तर "आता आयुष्यभर वजन उचलायचं नाही" हेही ऐकू येतं. शेवटचं विसरा. जाळी (कमकुवत जागेला आधार म्हणून लावतात ती) बसवून नीट झालेल्या ऑपरेशननंतर आयुष्यभराची बंदी नसते. पण पहिल्या दोघांत फरक पडला तर तुमच्या सर्जनचं ऐका. तुमच्या स्नायूंची अवस्था त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असते. शिवाय चाळिशीतल्या माणसाचं बाजारातून पिशवी आणणं आणि तुमचं रात्री दोन वाजता तिसऱ्या मजल्यावरून रुग्ण उतरवणं यात फरक आहे. म्हणून या लेखात पुढे चार ते सहा आठवड्यांचाच हिशोब धरला आहे.

पायरी ४: संस्थेला काय सांगायचं, काय नाही

काही जण लाजेपोटी काहीच सांगत नाहीत. जांघेचं दुखणं, वर्गात चेष्टा होईल, कामाला अनफिट ठरवतील, अशी भीती असते. एका विद्यार्थ्याने सुट्टीत ऑपरेशन उरकलं, आम्हाला ताप आल्याचं सांगितलं आणि दुखण्याची गोळी घेऊन अँब्युलन्स पोस्टिंगला गेला. दुसऱ्या मजल्यावरून स्कूप उतरवताना वळणावर त्याची बाजू खाली झुकली. मागच्या दोघांनी भार झेलला म्हणून रुग्ण घसरला नाही. त्या मुलाची जाळी शाबूत होती, तो आज उत्तम काम करतो. पण हा निर्णय एकट्याच्या शरीरापुरता नसतो हे त्या दिवशी साऱ्या बॅचला कळलं. स्ट्रेचरच्या चार टोकांपैकी एक टोक तुमच्या हातात असतं.

मात्र सगळं सगळ्यांना सांगायची गरज नाही. बॅचला किंवा पोस्टिंगवरच्या टीमला आजाराचं नाव कळायची आवश्यकता नाही. त्यांना कळायला हवं ते बंधन: अमुक तारखेपर्यंत हा उचलणार नाही. समन्वयकाला कागदपत्रं द्यावी लागतील, तीही बंद पाकिटात देता येतात. अर्ज साधा ठेवा:

"विषय: शस्त्रक्रियेसाठी रजा व प्रॅक्टिकलमध्ये तात्पुरत्या सवलतीबाबत.

महोदय/महोदया, माझी नियोजित शस्त्रक्रिया दि. ____ रोजी आहे. दि. ____ ते ____ मी गैरहजर राहीन. दि. ____ पासून मी थिअरीच्या तासांना व वजन उचलावे न लागणाऱ्या प्रॅक्टिकलना हजर राहू शकेन. सर्जनच्या सल्ल्यानुसार दि. ____ पर्यंत मला लिफ्टिंग व अँब्युलन्स पोस्टिंगमधून सवलत मिळावी. राहिलेली पोस्टिंग दि. ____ नंतर पुढील गटासोबत पूर्ण करण्याची परवानगी द्यावी. सर्जनचे पत्र सोबत जोडले आहे."

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी "हो हो, करू काहीतरी" यावर विसंबू नका. समन्वयक बदलतात, आणि सत्राच्या शेवटी रजिस्टरमध्ये जे असेल तेच खरं धरलं जातं.

पायरी ५: पैशाचं

हे थोडक्यात, पण वेळेत बघा. स्वतःची आरोग्य विमा पॉलिसी असेल तर हर्नियासाठी बहुतेक पॉलिसींत दोन वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो. आई-वडिलांच्या कंपनीच्या गटविम्यात तो सहसा नसतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमचं ऑपरेशन आणि ते हॉस्पिटल त्यात बसतं का, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारा. नंतर विचारून उपयोग होत नाही. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी कोर्स असं करणाऱ्यांचा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर ऑपरेशन त्यांच्या दवाखान्यामार्फत होऊ शकतं आणि अटी पूर्ण होत असल्यास रजेच्या दिवसांसाठी पगाराच्या ७० टक्के आजारपणाचा लाभही मिळतो. सरकारी रुग्णालयात खर्च कमी, पण तारीख पुढे ढकलली जाण्याची शक्यता जास्त. वेळापत्रकात तेवढी फट ठेवा.

पायरी ६: आधीचा महिना

तंबाखू आणि सिगारेट बंद. उपदेश म्हणून नव्हे. धूम्रपानाने जखम भरायला वेळ लागतो, आणि ऑपरेशननंतरचा खोकला हा टाक्यांवरचा सर्वात मोठा मारा असतो. खोकताना पोटातला दाब मध्यम वजन उचलताना वाढतो त्याहून जास्त वाढू शकतो. म्हणूनच सर्दी-खोकला असेल तर भूलतज्ज्ञांना सांगा आणि तारीख पुढे गेली तरी चालेल असं धरा.

बद्धकोष्ठता असेल तर आत्ताच सोडवा. हिपॅटायटिस बीची लस पूर्ण आहे का पाहा. ती शून्य, एक आणि सहा महिन्यांनी अशी तीन वेळा घ्यायची असते, त्यामुळे ऐनवेळी होत नाही. कॅज्युअल्टीत काम करणाऱ्याला ती तशीही हवीच.

राहण्याची सोय नीट विचार करून ठरवा. हॉस्टेलमध्ये वरचा बंक असेल तर खालचा मागून घ्या. पहिले काही दिवस उकिडवं बसणं जड जातं, त्यामुळे कमोड असलेली जागा बघा. आई म्हणेल, "महिनाभर गावाला ये." यायला हरकत नाही, पण टाके घातल्याच्या दुसऱ्या दिवशी एसटीने सहा तासांचा खड्ड्यांचा प्रवास नको. चार-पाच दिवस शहरातच मावशीकडे किंवा मित्राकडे राहा, पहिली तपासणी होऊ द्या, मग जा.

पायरी ७: ऑपरेशन आणि पहिला आठवडा

उपाशी राहण्याच्या वेळा भूलतज्ज्ञ सांगतील. सर्वसाधारण नियम घन आहारासाठी सहा तास आणि साध्या पाण्यासाठी दोन तास. दूध घातलेला चहा साध्या पाण्यात मोडत नाही. भुलेनंतर चोवीस तास गाडी चालवायची नाही, कागदांवर सह्या करायच्या नाहीत.

उठताना सरळ पोटावर जोर देऊन उठू नका. कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा, हाताने रेटून उठा. रुग्णाला लॉग रोल करताना (अंग न पिळता एकसंध कुशीवर वळवताना) जी काळजी घेता तीच स्वतःची. खोकला किंवा शिंक आली की जखमेवर उशी दाबून धरा. पहिल्याच दिवसापासून थोडं थोडं चाला. इसबगोल आणि भरपूर पाणी. अंडकोषाला सूज येणं, त्वचा काळी-निळी पडणं हे बऱ्याच जणांना होतं आणि मुलं घाबरून जातात. काही दिवसांत ते ओसरतं. ओसरण्याऐवजी वाढत गेलं, लघवी अडकली, ताप आला, जखमेतून पू आला, पोट फुगून उलट्या झाल्या किंवा पोटरी सुजून दुखायला लागली, तर लगेच सर्जनला फोन करा.

हॉस्टेलवर परतल्यावर घात करतात त्या साध्या गोष्टी. पाण्याचा वीस लिटरचा जार म्हणजे सरळ वीस किलो. गाडीला किक मारणं आणि तिला डबल स्टँडवर चढवणं हे तर जांघेवरच येतं. बादली, भरलेली सॅक, रूममेटच्या कपाटाला लावलेला हात. रूममेटला पहिल्याच दिवशी सांगून टाका.

पायरी ८: वर्गात परत, आणि हातांना काम

साधारण दुसऱ्या आठवड्यात वर्गात बसता येतं. या काळात नुसतं कोपऱ्यात बसून बघू नका. आमच्या मूल्यमापनातला मोठा भाग जोराविना होतो, तो आत्ता पक्का करा. ईसीजीच्या पट्ट्या वाचा. हातांच्या मॉडेलवर सलाईन लावायचा सराव करा. तोंडाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत मोजून ओरोफॅरिंजियल एअरवे (जीभ मागे पडू नये म्हणून तोंडात घालायची नळी) निवडणं, अँबू बॅगचा (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीचा) मास्क एका हाताने घट्ट धरून दुसऱ्याने दाबणं, एईडीचे (हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचे) पॅड लावणं, सर्व्हायकल कॉलरचं (मानेच्या पट्ट्याचं) माप घेणं, हे सगळं मॅनिकिन (सरावाचा पुतळा) टेबलावर ठेवून करता येतं.

आणि सिम्युलेशनमध्ये टीम लीडरची भूमिका मागून घ्या. एरवी ही जागा बोलक्या मुलांना मिळते. इथे तुम्ही हात न लावता परिस्थिती वाचायची, कामं वाटायची, दोन मिनिटं मोजून "बदला" म्हणायचं, वायरलेसवर रुग्णालयाला माहिती द्यायची. उचलता येत नसलेल्या महिन्यात मुलं यात इतकी तयार होतात, की पुढे पोस्टिंगवर त्यांचा फरक दिसतो.

पायरी ९: सीपीआर

सर्जनचा होकार मिळाला की सुरुवात टेबलावरच्या मॅनिकिनपासून. उंची अशी हवी, की कोपर सरळ ठेवून खांदे बरोबर हातांच्या वर येतील. नीट केलेल्या सीपीआरमध्ये दाब शरीराच्या वजनातून येतो, पोटाच्या स्नायूंनी रेटून नव्हे. ज्यांचे कोपर वाकतात आणि जे दंडाने ढकलतात, त्यांच्याच पोटावर ताण येतो. म्हणून हा काळ पद्धत सुधारायला वापरा. आधी अर्धं मिनिट, मग एक, मग पूर्ण दोन मिनिटं, मधे एक-एक दिवस सोडून.

नंतर जमिनीवर. इथे त्रास देतं ते दाब देणं नव्हे, तर गुडघ्यावर बसणं आणि झटकन उठणं, तेही परत परत. एक पाय पुढे घेऊन, हाताचा आधार घेऊन उठा. श्वास रोखू नका, दाब मोठ्याने मोजत राहिलं की श्वास आपोआप चालू राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी जांघ कशी आहे ते बघा. थोडं ताणल्यासारखं वाटणं ठीक. टोचल्यासारखं दुखलं किंवा सूज आली तर एक पायरी मागे.

पायरी १०: उचलणं

हे घाईने करायचं काम नाही. क्रम असा ठेवा: आधी रिकामा स्कूप दोघांत. मग औषधांची बॅग एका हातात, चालत. मग रिकामी ट्रॉली स्ट्रेचर, आधी पायाच्या बाजूने, कारण रुग्णाचं जास्त वजन डोक्याच्या आणि धडाच्या बाजूला येतं आणि हात लावण्याची सवय हलक्या टोकापासून लागू द्यायची. मग मॅनिकिन किंवा वाळूच्या पिशव्या ठेवून चौघांत. मग खराखुरा बॅचमेट, सपाट जमिनीवर. जिना सगळ्यात शेवटी. प्रत्येक टप्पा किमान दोन वेगवेगळ्या दिवशी विनात्रास झाला तरच पुढचा.

पाठ सरळ, पाय खांद्याइतके फाकलेले, वजन अंगाजवळ, जोर मांड्यांचा. उचलताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर लावला की पोटातला दाब एकदम चढतो. "एक, दोन, तीन, उचला" ही आज्ञा स्वतः द्या, "उचला" म्हणतानाच श्वास बाहेर जातो.

गोळी घेऊन हा सराव करू नका. दुखणं दाबलेलं असेल तर थांबायची वेळ कळत नाही. ट्रॅमाडॉलसारखी गुंगी आणणारी औषधं चालू असताना तर अँब्युलन्सच्या आसपासही जाऊ नये.

पायरी ११: फिटनेस सर्टिफिकेट आणि पोस्टिंग

"फिट टू जॉइन" एवढ्या तीन शब्दांचं सर्टिफिकेट कोणाच्याच कामाचं नाही. सर्जनना विनंती करून त्यात तीन गोष्टी लिहून घ्या: कोणत्या तारखेपासून, कोणत्या कामांसाठी (सीपीआर, चौघांत रुग्ण उचलणं, जिना) आणि काही बंधन उरलं आहे का. सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. मग संस्थेत प्रशिक्षकासमोर लिफ्टिंगची चाचणी द्या, मागून घ्या. चाचणीशिवाय कोणी पाठवत असेल तरी जाऊ नका.

पहिल्या एक-दोन पाळ्या जादा माणूस म्हणून मिळाल्या तर उत्तम, म्हणजे तुमच्यावाचून स्ट्रेचर अडत नाही. पाळी सुरू होतानाच गाडीवरच्या टीमला स्पष्ट सांगा: "दादा, माझं ऑपरेशन झालंय. सपाट जागेवर मी उचलेन, जिन्यावर आज नाही. व्हायटल्स, अँबू आणि वायरलेस माझ्याकडे द्या." रुग्णाच्या दारात उभं राहून हे सांगायची वेळ येऊ देऊ नका. जखम पूर्ण भरली नसेल तर पोस्टिंगच नको, कारण रक्त आणि इतर स्राव अंगावर उडण्याची शक्यता तिथे रोजची.

ऑपरेशन दुसरं असेल तर

पद्धत तीच राहते, घड्याळ बदलतं. दुर्बिणीतून पित्ताशय किंवा अपेंडिक्स काढलं असेल तर हिशोब हर्नियाच्या जवळपास. गुडघ्याची एसीएल (आतला अस्थिबंध) नव्याने बसवली असेल तर मात्र हे सत्र विसरा. गुडघ्यावर बसणं आणि जिन्यावरून वजन उतरवणं याला कित्येक महिने लागतात, आणि संस्थेशी पुढच्या बॅचमध्ये सामील होण्याबद्दल सुरुवातीलाच बोललेलं बरं. मनगटात प्लेट असेल तर सीपीआर सर्वात शेवटी येईल, चालणं-फिरणं मात्र लगेच. चष्मा घालवायची लेझर शस्त्रक्रिया हलकी वाटते, पण डोळे चोळणं आणि धूळ टाळायला हवी, म्हणून रस्त्यावरच्या अपघातांची पोस्टिंग काही आठवडे नको. सिझेरियननंतर परतणाऱ्या मुलींनी वर्गात कधी बसायचं आणि उचलायला कधी लागायचं, या दोन तारखा डॉक्टरांकडून वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात. त्यांना "तीन महिने झाले की ये" एवढंच सांगून पाठवलं जातं आणि आल्याबरोबर स्ट्रेचरला उभं केलं जातं.

जांघेतलं दुखणं तीन महिन्यांनंतरही टिकून असेल, तर ते सहन करत काम करू नका. जाळीच्या ऑपरेशननंतर काही जणांना असं चिवट दुखणं राहतं, त्यावर वेगळे उपचार असतात, आणि ते लवकर सांगितलं तर जास्त कामी येतात. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, जाळीचं स्टिकर, फिटनेस सर्टिफिकेट आणि संस्थेची पोच, हे पाचही कागद स्कॅन करून ठेवा. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत पोटावरचे व्रण दिसतात आणि प्रश्न विचारला जातो. तेव्हा तोंडी सांगण्यापेक्षा कागद पुढे केला की पाच मिनिटांत विषय संपतो.